शिकारीला निघण्याआधी आई-बाबांना

फेअरबँक्स, अलास्का
३ ऑगस्ट

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

रविवारी फोनवर मी म्हटलं, "सप्टेंबरात मूसच्या, म्हणजे इथल्या सांबरासारख्या मोठ्या जनावराच्या, शिकारीला जाणार आहे," आणि तुमच्याकडून कितीतरी वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग आईने विचारलं, "जेवलीस का?" बाबांनी तर फोन हातातच घेतला नाही. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. हे फोनवर धड सांगता येणार नाही, म्हणून लिहिते आहे. दादा हे मोठ्या अक्षरात छापून आणून देईल. बाबा, शेवटपर्यंत वाचा. आणि आईला वाचून दाखवताना मधलं काही गाळू नका.

बाबा, तुम्हाला काय वाटलं असेल ते मला कळतं. तुम्ही उभा जन्म दाजीपूरचे गवे राखण्यात घातलात. पंचनाम्याचे कागद जेवणाच्या ताटाशेजारी असायचे, त्यामुळे वन्यजीव कायदा १९७२ हे शब्द मला पाढ्यांच्या आधी पाठ झाले. तारेच्या फासात पाय अडकून मेलेलं गव्याचं वासरू सापडलं, त्या पावसाळ्यात तुम्ही दोन दिवस अन्नाला शिवला नव्हता. अंगणातल्या दगडावर बसून बुटांचा चिखल काडीने काढत होतात, बूट स्वच्छ झाले तरी काढतच होतात. ते मी दारातून बघितलं होतं. त्या माणसाच्या मुलीने बंदूक हातात घ्यावी, हे तुम्हाला कसं लागलं असेल?

पण बाबा, मी फास लावणाऱ्यांत जाऊन बसलेली नाही. इथली रीत तुम्हाला सांगते, मग तुम्हीच ठरवा.

तुम्ही बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरची जनावरं मोजायचात. इथलं खातं पहिलं बर्फ पडलं की लहान विमानांतून मूस मोजतं. पांढऱ्यावर काळं जनावर चटकन दिसतं. नर किती, माद्या किती, वासरं किती, हे बघून प्रत्येक भागाचा हंगाम आणि नियम ठरतो. अख्ख्या अलास्कात पावणेदोन ते दोन लाख मूस आहेत. आम्ही जाणार आहोत तो भाग तेरा नंबरचा, नेलचिना खोऱ्याच्या बाजूचा. तिथे आमच्या परवान्यावर १ ते २० सप्टेंबर एवढेच दिवस, आणि फक्त नर. तोही कुठलाही नर नाही. शिंगांचा पसारा ५० इंच तरी हवा, नाहीतर एका बाजूला कपाळाकडची निदान चार टोकं हवीत, किंवा मग अगदी कोवळा, एका बाजूला एकच सुळका नाहीतर दुबेळकं असलेला. मधल्या वयाच्या नरांना हात लावायचा नाही, कारण पुढच्या वर्षीची वासरं त्यांच्यावर आहेत. हा नियम वाचला तेव्हा मला पहिली आठवण तुमचीच झाली. शिकार झाल्यावर १५ दिवसांत खात्याला कळवायचं, आणि रिकाम्या हाताने परतलो तरी हंगाम संपल्यावर तसं कळवायचं. आणखी एक. इथे बंदुका आणि काडतुसं विकली जातात त्यांवर १९३७ पासून केंद्राचा कर आहे आणि तो पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो. तुमच्या काळात चौकीच्या जीपला डिझेल मिळावं म्हणून तुम्ही किती अर्ज लिहायचात, ते मी विसरलेले नाही.

दाजीपूरचं रानही मुळात कोल्हापूर संस्थानचं शिकारीसाठी राखलेलं होतं, १९५८ साली त्याचं अभयारण्य झालं, हे तुम्हीच मला शिकवलंत. राखणं आणि मारणं यांच्यामधली रेघ कुठे ओढायची, हे प्रत्येक मुलखाला आपापलं ठरवावं लागतं. आपल्याकडे आज ती आहे तिथेच असावी, असं मलाही मनापासून वाटतं.

आता हे माझ्या डोक्यात आलं कुठून, ते सांगते. मागच्या जानेवारीत रात्री दहाला शेजारच्या काकूंनी दार वाजवलं. हमरस्त्यावर एका गाडीने मूसची मादी उडवली होती. अशी जनावरं इथे वाया जाऊ देत नाहीत. पोलिसांकडे संस्थांची आणि कुटुंबांची यादी असते, नंबर लागला की फोन येतो आणि लगेच निघायचं असतं. काका-काकूंचा नंबर लागला होता आणि त्यांना आणखी दोन हात हवे होते. बाहेर उणे ३० होतं. डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात काकूंनी पोटावरून सुरी ओढली आणि आतून एवढी वाफ उठली, की क्षणभर समोरचं काही दिसेना. माझी बोटं बधिर झाली होती. काकूंनी माझे हात धरून बरगड्यांच्या आत ठेवले. आई, ती ऊब मी कधी विसरणार नाही. तुझ्या चुलीपुढे बसल्यासारखी होती. आम्ही पहाटे तीनपर्यंत कापत होतो. घरी येऊन मी खूप रडले आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं मांस शिजवलं, कांदा-लसूण चटणी घालून. त्याआधी दोन हिवाळे याच घरातून मला मूसचं मांस येत होतं, कागदात गुंडाळून, वर तारीख लिहून. मी नुसती घेत होते. त्या रात्रीनंतर नुसतं घेणं जमेना.

म्हणून शिकारीच्या शिक्षणाचा वर्ग केला, लेखी परीक्षा दिली. एप्रिलपासून दर शनिवारी नेमबाजीच्या मैदानावर जाते. कागदावर मला दोनशे मीटरपर्यंत जमतं, पण रानात दीडशेच्या पुढे बार टाकायचा नाही, हे मी ठरवून टाकलं आहे. जखमी जनावर हातचं निसटणं म्हणजे काय, ते मी तुमच्याकडून ऐकत मोठी झाले आहे.

आम्ही तिघं जाणार: काका, काकू आणि मी. ते दोघं तीस वर्षं शिकार करताहेत. फेअरबँक्सहून ग्लेनॅलनपर्यंत गाडीने चारशे किलोमीटर, तिथून पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने एका तळ्यावर. ८ सप्टेंबरला विमान सोडून जाईल, १७ ला न्यायला येईल. धुकं असलं तर विमान येत नाही, म्हणून चार दिवसांचा शिधा जादा घेतला आहे. विमानाने उतरलो त्या दिवशी शिकार करायची नाही, असा कायदा आहे. दुसऱ्या पहाटे तीननंतरच. वरून जनावर हेरायचं आणि खाली उतरून मारायचं, असं कुणी करू नये म्हणून. पहिला दिवस आम्ही तंबू ठोकू आणि वारा कुठून वाहतो ते बघू.

तिघांकडे तीन परवाने असले तरी मारायचं एकच. पूर्ण वाढलेला नर साडेपाचशे ते सव्वासातशे किलो भरतो, खांद्याशी जवळपास सहा फूट. थोराड नराचं नुसतं खायचं मांस सव्वादोनशे किलोच्या आसपास निघतं. ते सगळं आमच्या पाठीवरून तळ्यापर्यंत यायचं आहे. मागची एक तंगडी म्हणजे आईपेक्षा वजनदार ओझं, आणि पायाखाली सपाट जमीन नाही, गवताचे डुगडुगणारे गड्डे आणि मधे पाणी. काका म्हणतात, तंबूपासून दीड किलोमीटरच्या पलीकडे कितीही देखणा नर उभा असो, नमस्कार करायचा आणि परत फिरायचं. पाण्यात उभा असेल तरी नाही, कारण तो तिथेच पडला तर तिघांनाच काय, दहांनाही हलणार नाही. मला हा नियम सगळ्यात आवडला. आपल्या अंगात किती जोर आहे तेवढंच मागायचं.

मांस टाकून देणं हा इथे मोठा गुन्हा आहे. मान, छाती, बरगड्यांचं, कण्यालगतचं, पुढचे पाय गुडघ्यापर्यंत, मागचे घोट्याच्या सांध्यापर्यंत, सगळं आणावं लागतं. आणि शिंगं शेवटी. आधी मांस तळ्यावर पोचवायचं, मगच शिंगाला हात. मांसाचे वैरी तीन: ऊब, ओल आणि माशी. कातडी लगेच सोलायची, नाहीतर एवढं मोठं जनावर खुब्याच्या हाडापाशी आतून नासायला लागतं. मग सुती पिशव्यांत भरून, वर ताडपत्री ताणून, खालून वारा खेळेल असं टांगायचं. या पिशव्या मी स्वतः शिवल्या, जुन्या चादरींच्या. आई, तू शिकवलेली दुहेरी शिवण घातली आहे, उसवायची नाही.

शिकारीचा मुख्य भाग म्हणजे बसणं. सप्टेंबरात नर माजावर येऊ लागतात. काकू मादीसारखा लांबलचक, नाकातला हंबरडा काढतात, आणि मूसच्या खांद्याचं वाळकं हाड वाळुंजाच्या झुडपांवर खरडतात. दूरवरच्या नराला वाटतं, कुणी दुसरा नर शिंगं घासतो आहे. तो कधी तासाभरात येतो, कधी दुसऱ्या दिवशी, पण आवाज नेमका कुठून आला ते त्याच्या ध्यानात राहतं. म्हणून जागा सोडायची नाही. ते हाड काकूंनी मला सरावाला दिलं आहे. संध्याकाळी मागच्या अंगणात खरडत बसते. त्याची एक कड वर्षानुवर्षांच्या वापराने काचेसारखी गुळगुळीत झाली आहे.

अस्वलांचं तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगते. अस्वलं आहेत, मोठी आहेत, आणि रक्ताचा वास त्यांना लांबून येतो. दोघं कापत असताना तिसऱ्याने नुसतं पहाऱ्यावर उभं राहायचं, हे ठरलेलं आहे. मांस त्याच दिवशी आतड्यांच्या ढिगापासून हलवायचं आणि तंबूपासून शंभर पावलांवर, नजरेच्या टप्प्यात ठेवायचं. उरलेलं न्यायला परत जाताना आधी दुर्बिणीने बघायचं, मोठ्याने बोलत जायचं. अस्वल येऊन बसलंच असेल तर मांस त्याचं, वाद घालायचा नाही. खरी भीती मला थंडीपेक्षा ओलीची वाटते. पाऊस आणि वारा एकत्र आले की शून्याच्या वरही माणूस गारठून मरतो. म्हणून अंगावर सगळी लोकर, सुती एकही कपडा नाही, आणि काडेपेटी तीन जागी.

फोन लागणार नाही. उपग्रहावरून संदेश पाठवायचं एक यंत्र आहे, ते माझ्या खांद्याला बांधलेलं असेल. रोज रात्री नऊला मी यांना संदेश करेन. तेव्हा तुमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेदहा वाजलेले असतील. हे लगेच दादाला कळवतील. एखाद्या दिवशी उशीर झाला तर आई, घाबरून बीपीची गोळी दोनदा घेऊ नकोस. झाडी किंवा डोंगर आड आले की वेळ लागतो.

आई, आता तुझं. तुझ्या गळ्यात माळ आहे. तू आमच्यासाठी वेगळ्या चुलीवर मटण शिजू दिलंस आणि कधी तोंड वाकडं केलं नाहीस. तू विचारशील, ते गाईसारखं दिसतं का? नाही. ते सांबराच्या कुळातलं आहे, दरवर्षी शिंगं गाळतं. पण तुझा खरा प्रश्न तो नाही, हे मला ठाऊक आहे. जीव जाणारच आहे, आणि तो माझ्या हातून जाईल. याला माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच सांगते, की मी ते हसत करणार नाही, त्याच्यापाशी उभी राहून फोटो काढणार नाही, आणि त्या क्षणी मन मागे सरलं तर बंदूक खाली ठेवीन. काका-काकूंना तसं सांगून ठेवलं आहे. काकू म्हणाल्या, "तेवढ्यासाठीच तुला नेतो आहोत." तू पाठवलेली थालीपिठाची भाजणी आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घेते आहे. मांस मिळालं तर पहिला वाटा गावातल्या एका अहत्ना आजींच्या घरी जाईल. त्या मुलखातले मूळचे लोक ते, त्यांच्यात म्हाताऱ्यांना आधी देतात. आपल्या घरी नवं धान्य आलं की तू आधी देवापुढे ठेवतेस, तसंच मी ते समजते.

बाबा, एक मागायचं आहे. मी सहावीत असताना तुम्ही मला सावराईच्या सड्यावर नेलं होतं. कळप दिसायच्या आधी तुम्ही खिशातून फडक्याची पुरचुंडी काढलीत, चिमूटभर राख मुठीतून सोडलीत आणि ती जाईल तिकडे बघत राहिलात. मग आपण लांबून वळसा घालून गेलो आणि गव्यांना शेवटपर्यंत आपला पत्ता लागला नाही. काकूंकडे त्यासाठी प्लास्टिकच्या बाटलीत पांढरी पूड असते. मी मात्र आमच्या शेगडीतली भूर्जाच्या लाकडाची राख गाळून फडक्यात बांधली आहे.

तुम्ही चिखलातल्या खुरावर बोट फिरवून सांगायचात, आजचा आहे की कालचा. कोरड्या मातीतलं मला आठवतं, कड ढासळलेली असली की जुना. पण पाऊस पडत असताना कसं ओळखायचं? खुरात पाणी साचलं असेल तर गढूळ पाणी ताजं की निवळलेलं? आणि ठश्यातलं दबलेलं गवत पुन्हा उभं राहायला किती वेळ लागतो? मी ७ सप्टेंबरच्या पहाटे घरातून निघेन. त्याआधी एकदा फोन हातात घ्या आणि एवढं मला सांगा.

तुमची,
धाकटी