आजीचे पोट आणि माझे पोट

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा आई म्हणाली, "माझ्या आईचे पोटही जन्मभर असेच होते, आमच्याच घरातून तुझ्याकडे आले," आणि माझे उत्तर ऐकण्याआधीच तिने फोन बाबांच्या हाती दिला. तेव्हा राहिलेले उत्तर आता लिहिते आहे.

मला झालेल्या क्रोन्स आजाराचा, म्हणजे आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाचा, जनुकांशी संबंध आहे, हे मी नाकारत नाही. सोळाव्या गुणसूत्रावरील नॉड२ या जनुकातील काही बदल या आजाराशी निगडित असल्याचे २००१ साली प्रसिद्ध झाले. या जनुकापासून बनणारे प्रथिन पेशीच्या आत राहून जिवाणूंच्या भिंतीचा एक बारीक तुकडा ओळखते आणि शरीराच्या संरक्षणयंत्रणेला सावध करते. ही ओळखच बिघडली, तर आतड्यातल्या असंख्य जिवाणूंशी चालणारा रोजचा व्यवहार विसकटतो आणि दाह धुमसत राहतो. युरोपीय लोकांत असा बदल आई आणि वडील या दोघांकडून आला, तर धोका कित्येक पटींनी वाढतो. तरीही तो बाळगणाऱ्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. शिवाय नॉड२ एकटे नाही. २०१२ पर्यंत आतड्याच्या दाहाच्या आजारांशी जोडलेल्या जनुकीय जागांची संख्या १६३ झाली होती, आणि त्यांतील बहुतेकींचा वाटा अगदी किरकोळ आहे. आयएल२३आर या जनुकातील एक बदल तर उलट आजारापासून राखतो. असे राखणारे बदलही आईबापांकडूनच येतात, त्याचे श्रेय मात्र कुणी घेत नाही!

एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला क्रोन्स झाला, तरी दुसरे बहुधा निरोगीच राहते. सारी जनुके तीच असूनही असे होत असेल, तर आईने सगळा भार स्वतःच्या माहेरावर का घ्यावा? आणि आजीला नेमके काय होते, हे तरी कुणी तपासले होते? ओव्याच्या अर्कावर तिने ८२ वर्षे काढली. माझ्या बाबतीत तर दुर्बिणीने तपासूनही आधी सात महिने आतड्याच्या क्षयाची औषधे चालली, कारण दोन्ही आजार लहान आतड्याच्या शेवटच्या भागात जखमा करतात आणि तुकडा तपासला तरी पुष्कळदा सारखेच दिसतात.

बाबा, धाकट्याची जनुकीय चाचणी करून घेण्याचा विचार कृपा करून सोडून द्या. युरोपात सापडलेले नॉड२ मधले ते बदल भारतीय रुग्णांत क्वचितच आढळतात. त्यामुळे अहवाल स्वच्छ आला, तरी त्यावर निर्धास्त होता येणार नाही. सख्खा भाऊ म्हणून त्याचा धोका इतरांहून अधिक आहे, पण तेवढे कळायला पैसे मोजावे लागत नाहीत. त्यापेक्षा त्याने सिगारेट सोडावी, कारण धूम्रपानाने क्रोन्सचा धोका वाढतो. (हे मी कळवल्याचे त्याला सांगू नका.) जुलाब आठवड्यांमागून आठवडे थांबले नाहीत, शौचातून रक्त गेले किंवा वजन घटू लागले, तर मात्र त्याने लगेच डॉक्टरांना दाखवावे.

आई, एक काम तुझ्याकडे आहे. आजीला रक्त पडत असे का, तिला अशक्तपणा केव्हापासून होता आणि तिच्या भावंडांपैकी कुणाला असा त्रास होता का, हे आठवेल तसे वहीत लिहून ठेव. पुढच्या भेटीत डॉक्टर हेच विचारणार आहेत.

तुमची,
मनू