गोव्यातल्या कुंडईच्या मेस्त्रींना, सोळा स्क्रूंबद्दल

मेस्त्री, सप्रेम नमस्कार.

बिल चुकतं करताना ‘देव बरें करूं’ म्हटलं, पण तुम्ही मधून आरपार भोक पाडून दिलेल्या त्या सोळा स्क्रूंनी नेमकं काय साधलं ते सांगायचं राहून गेलं. असली कामं घेणाऱ्या इतर वर्कशॉपवाल्यांनाही कळावं, म्हणून पत्र उघडंच लिहितो आहोत.

चूक आमच्या नकाशातच होती. आमच्या निर्वात चेंबरातल्या प्लेटांमध्ये एम ४ ची (४ मिमीच्या स्क्रूंची) भोकं बंद, म्हणजे आरपार न जाणारी, आणि स्क्रू साधे. ‘सकयलें वारें खंयच्यान भायर सरतलें?’ (खालची हवा कुठून बाहेर पडणार?) हे तुम्ही विचारलंत, ते खरं तर आम्हालाच आधी सुचायला हवं होतं. आट्यांसाठी ३.३ मिमीचं ड्रिल, स्क्रूच्या टोकाखाली ३ मिमी मोकळी जागा. म्हणजे प्रत्येक भोकात सुमारे २५ घन मिमी हवा कोंडलेली. ऐकायला चिमूटभर वाटतं. पण आमच्या चेंबरात दाब एका मिलिबारच्या दहा कोटीव्या भागावर न्यायचा असतो, आणि तिथे सेकंदाला २५० लिटर ओढणारा टर्बो पंपही फार थोडा वायू बाहेर काढू शकतो. सोळा भोकांतली हवा त्या गतीने उपसायची तर ४४ तास लागतात. प्रत्यक्षात आट्यांमधून ती रेंगाळत येते, म्हणून त्याहून जास्तच. हीलियमने लीक शोधायला गेलात तर काही सापडत नाही, कारण गळती बाहेरून आत नाहीच. पावसाळ्यात भिंतींना चिकटलेली वाफ चेंबर १२० अंशांवर दोन दिवस तापवून घालवता येते. ही कोंडलेली हवा तशी सहजी जात नाही.

आता ती हवा नडते कुठे ते सांगतो. चेंबरात कार्बन डायऑक्साइड अगदी विरळ सोडायचा आणि ८०० नॅनोमीटरच्या लेझरचा ३० फेमटोसेकंदांचा झोत त्यात एका बिंदूवर आणायचा. झोतात १०० मायक्रोजूल ऊर्जा आणि बिंदूची त्रिज्या १५ मायक्रॉन असली, तर चौरस सेंटिमीटरला सुमारे ९०० लाख कोटी वॅट होतात. या रेणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला १३.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात आणि लेझरचा एक फोटॉन देतो फक्त १.५५, साध्या प्रकाशात हे घडायचं नाही. इथे मात्र प्रकाशाचं विद्युत क्षेत्रच इतकं जबर, की इलेक्ट्रॉनला अडवणारी भिंत वाकते आणि तो निसटतो. दोन इलेक्ट्रॉन गेले की उरलेले दोन धन तुकडे, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि ओ (ऑक्सिजन), एकमेकांना ढकलून देतात.

तुमच्या प्लेटांवरचा व्होल्टेज या तुकड्यांना एका नळीतून डिटेक्टरकडे पळवतो. हलका आधी पोचतो, जड मागाहून. लेझरचं ध्रुवण, म्हणजे त्याच्या विद्युत क्षेत्राची दिशा, नळीच्या दिशेने ठेवलं की सीओचा, म्हणजे २८ वस्तुमानाचा, आलेख दोन उंचवट्यांचा दिसतो: पुढे फेकलेले तुकडे लवकर येतात, मागे फेकलेले वळून उशिरा. दोन्हींच्या मध्ये टोकदार सुळका दिसला तर त्याचा अर्थ वेगळा. एकच इलेक्ट्रॉन गेलेला रेणू तुटला, दुसरा तुकडा भाररहित, ढकलणारं कोणी नाही, म्हणून सीओ संथ आला. नायट्रोजनही २८ चाच! कोंडलेल्या हवेतला नायट्रोजन नेमका त्याच जागी सुळका काढतो, आणि रेणू कसा तुटला याचा निष्कर्षच उलटा निघू शकतो. वायू बंद करून घेतलेली नोंद वजा करावी, तर ही गळती तासातासाला बदलते. कार्बन डायऑक्साइड वाढवून तिला बुडवावं, तर आयनांची, म्हणजे भारित तुकड्यांची, गर्दी होऊन ते आपसात ढकलतात आणि सगळेच उंचवटे पसरतात.

म्हणून ॲलन स्क्रूच्या मधून आरपार पाडलेलं १ मिमीचं भोक मोलाचं. डोक्याच्या खाचेत उघडत असल्यामुळे वॉशरने ते झाकलंही जात नाही. स्टेनलेसमध्ये १२ मिमी खोल असं भोक पाडताना ड्रिल जरा घासत राहिलं की धातू कडक होतो आणि ड्रिल आत तुटतं. थोडं थोडं टोचत, दर वेळी कीस काढत जावं लागतं. सोळा वेळा. बिलात त्याची वेगळी ओळही नव्हती, हे आम्हाला पटलेलं नाही.

प्लेटांच्या कडांची बर (धारदार कंगोरे) काढून तुम्ही त्या गोल केल्यात, तेही कामी आलं: ३ किलोव्होल्टला ठिणगी नाही. फक्त कटिंग ऑइल पुढच्या वेळी गंधकाशिवायचं वापरा आणि शेवटचा हात मोज्यांसह आयसोप्रोपिल अल्कोहोलचा. तेलाचे तुकडेसुद्धा २८ वर येतात.

चवथीनंतर चेंबर उघडायचं आहे. एम ३ चे आठ लागतील, भोक ०.८ मिमी. या वेळी नकाशात दाखवलं आहे.

आपले,
लेझर प्रयोगशाळेतले सगळे