दुरुस्तीच्या हक्कात ड्रायव्हरही धरा

मा. संपादक,
ई-कचऱ्यावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. बॅटऱ्या, सर्किट बोर्ड सगळं आलं, पण एक गोष्ट राहिली. बार्शीत माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. 'भंगारात काढायचंय' म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच वस्तू बिघडलेल्या नसतातच. त्यांचा ड्रायव्हर, म्हणजे ती वस्तू संगणकाकडून चालवून घेणारं छोटं सॉफ्टवेअर, तेवढा नसतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नियमित अपडेट थांबले आणि लोकांनी नवे संगणक घ्यायला सुरुवात केली. परवा एका शाळेचे क्लार्क स्कॅनर घेऊन आले. विंडोज ११ ला जोडला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या सगळ्या भागांच्या यादीत, त्याच्यापुढे बिघाडाचा पिवळा त्रिकोण. कंपनीच्या हेल्पलाइनवर उत्तर मिळालं, ''मॉडेल बंद झालंय, नवीन घ्या.'' मी उबुंटूचा, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत लिनक्स प्रणालीचा, पेनड्राइव्ह लावला आणि काहीही इन्स्टॉल न करता त्यावरूनच संगणक सुरू केला. स्कॅनरचा दिवा सरकत गेला आणि शाळा सोडल्याचा दाखला शिक्क्यासकट स्वच्छ पडद्यावर आला. काच, मोटर, दिवा सगळं ठणठणीत! कंपनीने त्या मॉडेलला फक्त जुन्या पद्धतीचा, ३२-बिट ड्रायव्हर दिला होता आणि विंडोज ११ निव्वळ ६४-बिट आहे, त्यावर तो चालत नाही, एवढाच काय तो आजार. ''आवो, मग ह्ये मेलंय म्हणून का सांगत्यात?'' क्लार्कनी विचारलं.

लिनक्स म्हणजे रामबाण, असं मात्र नाही. ब्रॉडकॉमच्या काही वायफाय चिप विंडोजवर बिनबोभाट चालतात, उबुंटू टाकलं की गप्प. ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर! अशा वेळी मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग सुरू करायचं, म्हणजे मोबाइलचं नेट संगणकाला द्यायचं, काम होतं. मॅकवाल्यांनीही २०१९ च्या कॅटलिना या आवृत्तीपासून ३२-बिट सॉफ्टवेअर बंद केलं, तेव्हा कित्येक जुने स्कॅनर असेच अडगळीत गेले.

आमच्या धंद्यातही दोष आहे. आवाज येत नाही? फॉरमॅट मारा. वायफाय दिसत नाही? फॉरमॅट मारा. त्याऐवजी डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या भागाचा हार्डवेअर आयडी, म्हणजे ओळख क्रमांक, बघायला मिनिटही लागत नाही. त्यातला व्हेंडर (बनवणाऱ्या कंपनीचा) क्रमांक ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रिअलटेक. पुढे नेमका ड्रायव्हर शोधता येतो. पण कंपनीने तो साइटवरूनच काढून टाकला असेल तर मेकॅनिकने काय करायचं? कुठल्या तरी भलत्याच साइटवरून उतरवायचा आणि सोबत व्हायरस घ्यायचा?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर', म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं. मोबाइल, इलेक्ट्रॉनिक्स, वाहनं, शेतीची अवजारं त्यात आहेत. माझी मागणी एवढीच, की मॉडेल बंद झालं तरी त्याचे ड्रायव्हर काही वर्षं साइटवर ठेवणं कंपन्यांना बंधनकारक करावं. स्वतःला सांभाळायचे नसतील तर त्या यंत्राची तांत्रिक माहिती खुली करावी, लिनक्सवाले स्वयंसेवक ड्रायव्हर लिहितात. शाळा आणि ग्रामपंचायतींनीही खरेदीच्या निविदेत ही अट घालावी.

तोवर वाचकांनी संगणक धड चालू आहे तेव्हाच त्याचे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर काढून ठेवावेत. विंडोजमध्येच त्यासाठी 'पीएनपीयूटिल' ही कमांड आहे. तुमच्या मेकॅनिकला सांगा, थोड्या वेळाचं काम आहे.

– एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक, बार्शी