सतरा आकड्यांची ती संख्या मूळ नाहीये हो

मा. संपादक, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पानावर १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या छापून खाली लिहिलंय की ही मूळ संख्या, कशानेच भाग जात नाही. दिसायला देखणी आहे, वादच नाही. पण भाग जात नाही?? अहो अंकांची बेरीज करा, ८१ येते, म्हणजे ९ ने भाग गेलाच की, आणि हे आमच्या चौथीतल्या भाचीने चहाला उकळी येईपर्यंत सांगितलं.

भाच्याची वेगळीच गंमत. तो दहावीला, त्याने संख्या एक्सेलमध्ये टाकली तर शेवटचे दोन आकडे ०० दिसले आणि ठासून म्हणतो, मामा हिला १०० ने भाग जातो! एक्सेल १५ आकड्यांपुढे सरळ शून्यं भरतं आणि ही आहे १७ आकडी, आजोबांच्या एकं-दहंच्या भाषेत 'मध्य', परार्धाच्या एकच पायरी खाली. मग मोबाईल बाजूला ठेवायला लावला आणि कागद काढला.

ही म्हणजे १११११११११ चा वर्ग, नऊ वेळा एक. त्याला १११ ने भागलं की १००१००१ येतात, १११ म्हणजे ३ गुणिले ३७ आणि १००१००१ म्हणजे ३ गुणिले ३३३६६७. वर्ग केला की ३ चा चौथा घात, बाकी दोघांचे वर्ग. विभाजक किती ते काढायला प्रत्येक घातात एक मिळवून गुणायचं, ५ × ३ × ३ = ४५. मूळ संख्येला दोनच विभाजक असतात, हिला पंचेचाळीस!

आणि ४५ बघून मी उडालोच, कारण ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ परत ४५, म्हणजे आपले गणितज्ञ द. रा. कापरेकर सर, त्यांच्या नावाची कापरेकर संख्या. बरं पुरवणीतली ही संख्यासुद्धा त्यांचीच आहे, १, १२१, १२३२१ ह्या सगळ्या डेम्लो संख्या, कापरेकर सरांना डोंबिवली स्टेशनवर सुचल्या, त्या स्टेशनाचं तेव्हाचं नाव डेम्लो, म्हणून ते नाव. स्वतःच्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला 'हर्षद' म्हणायचं हेही त्यांचंच, आणि हिला ८१ ने भागलं तर बरोब्बर १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. सरांनी इथे देवळालीत शाळेत शिकवत वर्षं काढली आणि आपल्याला आठवतो फक्त ६१७४ हा कापरेकर स्थिरांक, तेही बाहेरगावचा कुणी विचारतो तेव्हा. नाशिकच्या पेपरात त्यांची संख्या छापली, त्यांचं नाव नाही आणि वर माहिती चुकीची, हे जरा जास्तच झालं.

३३३६६७ मूळच आहे, पण भाच्याला आता कशावरच विश्वास नाही. त्याचं वर्गमूळ ५७७ च्या जरासं पुढे, म्हणून ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी हाताने भागून बघतोय, काल रात्री २११ वर होता.

आपला एक वाचक,
नाशिकरोड