तू बस, मी करतो

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू फोनवर विचारलंस, मेंदूच्या खेळांचं ॲप उघडून बघितलं का. बघितलं. चौकोन उजळतात, विझतात, मग कुठे कुठे उजळले होते ते आठवून बोट लावायचं. मजा येते, नाही म्हणणार नाही. वरच्या पातळीला गेलं की टाळ्यांचा कडकडाट होतो. तुझ्या वडिलांनी सबंध संसारात माझ्यासाठी एवढ्या टाळ्या वाजवल्या नव्हत्या. पण ते औषधासारखं रोज अर्धा तास घ्यायला सांगतोस, ते काही मला पटत नाही.

विज्ञान शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे कुणी ‘याने बुद्धी तल्लख राहते’ म्हटलं की पहिला प्रश्न तोंडात येतो, कशावरून? अमेरिकेत १९९८ साली ‘ॲक्टिव्ह’ नावाची मोठी चाचणी सुरू झाली. पासष्टीपुढची २,८०० माणसं होती. काहींना लक्षात ठेवण्याच्या युक्त्या शिकवल्या, काहींना तर्काची कोडी, काहींना पडद्यावरचं चटकन टिपण्याचा सराव दिला. जो जे शिकला त्यात तो सुधारला, पण तर्कवाल्यांची स्मरणशक्ती काही वाढली नाही आणि स्मरणवाल्यांचा तर्कही होता तिथेच राहिला. चटकन टिपण्याच्या सरावाबद्दल पुढे काही आशादायक निष्कर्ष आले, तेही सांगायला हवं. तरी चौकोन ओळखायचा सराव केला म्हणजे माणूस चौकोन ओळखण्यात पटाईत होणार, एवढंच मी धरून चालते. मी खेळीन, करमणूक म्हणून.

खरं बोलायचंय ते वेगळंच. तू मला खेळ दिलेस आणि कामं काढून घेतलीस.

मागच्या खेपेला आलास तेव्हा चार दिवसांत वीजबिल, पाणीपट्टी, विमा, सगळं तुझ्या फोनवर गेलं. पिशवी उचलायला गेले की ‘आई, ठेव ती’. जिना चढायला गेले की ‘लिफ्ट आहे ना’. डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी विचारलं मला आणि उत्तरं दिलीस तू, तीही अर्धी चुकीची. मला झोप कशी लागते हे तुला कुठून माहीत? दिवसभर तुझं एकच पालुपद, तू बस, मी करतो. हेतू चांगला आहे हे कळतं, म्हणून तेव्हा गप्प बसले. आता लिहिते.

१९७६ साली एलन लँगर आणि जुडिथ रोडिन या दोघी मानसशास्त्रज्ञांनी एका वृद्धाश्रमात साधा प्रयोग केला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, तुमच्या खोलीत काय कुठे ठेवायचं ते तुम्ही ठरवा, सिनेमा कुठल्या दिवशी बघायचा ते ठरवा, आणि हे रोपटं घ्या, याला पाणी तुम्हीच घालायचं. दुसऱ्या मजल्यावर तितक्याच प्रेमाने सांगितलं, तुम्ही निश्चिंत असा, आम्ही सगळं बघू, रोपट्याला पाणीही आम्हीच घालू. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची मंडळी जास्त तरतरीत, जास्त आनंदी आणि जास्त वावरणारी दिसली. प्रयोग लहान होता, त्यावर फार मोठी इमारत उभी करू नये हे मलाही समजतं. पण दुसऱ्या मजल्यावरचं ते ‘आम्ही सगळं बघू’ मी तुझ्याच आवाजात वाचलं.

बिलांचंच घे. महिन्यातून दोनदा वही काढायची, मागच्या महिन्याचा आकडा बघायचा, या वेळी एवढं जास्त का आलं म्हणून डोकं खाजवायचं, तारीख लक्षात ठेवायची. तुझ्या ॲपमध्ये याच गोष्टी करायला लावतात, फक्त तिथे चुकलं तर काही बिघडत नाही. इथे दंड बसतो, म्हणून लक्ष लागतं. दुसरं कारण तुझ्याच सोयीचं आहे. डोकं खरोखर ढासळू लागलं तर त्याच्या पहिल्या खुणांमध्ये पैशांचे व्यवहार गोंधळणं ही एक असते. नाव पटकन न आठवणं आणि तासाभराने आंघोळ करताना आठवणं, हे वयाचं. तेच बिल दोनदा भरणं, रोजच्या वाटेवर चुकणं, एकच प्रश्न दहा मिनिटांत तिसऱ्यांदा विचारणं, हे डॉक्टरांना दाखवण्यासारखं. हिशेब माझ्या हातात असेल तर बिघाड तुला दिसेल तरी. तूच सगळं भरलंस तर कळणार कसं? तेव्हा बिलं मला परत दे. खातं तुला बघता येईल अशी सोय ठेव, मोठ्या रकमेला मर्यादा घाल, फोनवर गोड बोलून ओटीपी मागणाऱ्यांची भीती मलाही आहे. पण भरायचं मी.

आता पिशवी आणि जिना.

स्नायू तिशीनंतरच हळूहळू कमी व्हायला लागतात, साठीनंतर तो वेग वाढतो, आणि बसून राहिलं की आणखी वाढतो. माणूस म्हातारा झाला म्हणून बसतो हे खरं, पण बसल्यामुळेही तो म्हातारा होतो. १९९० साली मारिया फियाटारोन या डॉक्टर बाईंनी वृद्धाश्रमातल्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजनं उचलवून घेतली. सगळी ८६ ते ९६ वर्षांची माणसं. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीतले स्नायूसुद्धा सांगितलेलं ऐकतात, आणि तू मला पिशवी उचलू देत नाहीस!

मी रोज फिरते हे तुला ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम चालीचा व्यायाम सांगितलाय, तो माझा होतो. पण त्याच सूचनांमध्ये आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायामही सांगितलाय, आणि तो भाग सगळे सोयीस्करपणे विसरतात. ‘रोज चालतो हो आम्ही’ म्हणणाऱ्या किती जणांना खुर्चीतून हात न टेकता उठता येतं ते बघ एकदा. त्याची चाचणीच आहे. खुर्ची भिंतीला लावायची, दोन्ही हात छातीवर दुमडायचे, आणि तीस सेकंदांत पूर्ण उभं राहून किती वेळा बसता येतं ते मोजायचं. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या बाईला दहापेक्षा कमी जमलं तर ते कमी समजतात. माझा आकडा विचारू नकोस, सध्या वाढवण्याचं काम चालू आहे. दात घासताना एका पायावर उभी राहते, डाव्या हाताचं एक बोट बेसिनच्या कडेला नुसतं टेकवून. उजवा पाय शहाणा आहे, डावा अजून थरथरतो. पडण्याची भीती मलाही आहे. पण ती पाय वापरून कमी होईल, जपून ठेवून नाही.

माझ्या शाळेतल्या एका जुन्या मैत्रिणीबद्दल तुला बोलले होते. घरचे म्हणत, ‘तिचं आता काही खरं नाही, विचारतो एक आणि उत्तर भलतंच देते.’ चौघांत बसली की कडेला गप्प, मग हळूहळू यायचीच बंद झाली. पुढे कुणीतरी कान तपासले. ऐकूच येत नव्हतं! श्रवणयंत्र लावल्यावर पहिले काही दिवस भांड्यांचा आवाज सहन होईना म्हणून वैतागली, पण चिकाटीने लावून ठेवलं. आता पूर्वीसारखी वाद घालते, तेही चुकीच्या बाजूने. कानांचा आणि बुद्धीचा संबंध नुसता वाटण्याचा नाही. शब्द नीट पोचले नाहीत की मेंदूची सगळी शक्ती ते ओळखण्यात जाते, लक्षात ठेवायला उरत नाही, आणि माणूस लाजून माणसांतून उठतो. माझे कान तपासून घ्यायला मी पुढच्या आठवड्यात जातेय. सोबत यायची गरज नाही.

करमणुकीचं म्हणशील तर ती भरपूर आहे. शेजारची धाकटी मला बुद्धिबळ शिकवते. चौथीत आहे. गुरू म्हणून फार कडक. मी घोडा चुकीच्या घरात ठेवला की काही बोलत नाही, नुसती माझ्याकडे बघत राहते. मी एके काळी वर्गात मुलांकडे बघायचे, अगदी तस्सं. माझ्या मारलेल्या सोंगट्या ती पटाच्या कडेला उंचीप्रमाणे रांगेत लावते, तेही माझी खेळी चालू असताना, म्हणजे माझं लक्ष उडावं. परवा तिचा वजीर मी उंटाने मारला तेव्हा एवढ्या जोरात ओरडले की तिची आई धावत आली. त्यानंतर पाच चालींत माझ्यावर मात झाली, ती गोष्ट वेगळी.

पत्ते मला येतात, शब्दकोडी हातासरशी सुटतात, आणि म्हणूनच त्यांत आता डोक्याला ताण उरलेला नाही. बुद्धिबळ येत नाही म्हणून घेतलं. जे अजून येत नाही, ज्यात रोज थोडी फजिती होते आणि समोर जिवंत माणूस बसलेलं असतं, असं काहीतरी पाहिजे. कोडं सोडवताना माझ्यावर कुणी हसत नाही, हीच कोड्यातली उणीव. आमच्या वयात लोक फार आदराने वागवतात रे, चुकलं तरी ‘असू द्या’ म्हणतात. ही पोरगी असू देत नाही.

एक कबूल करते, पटावरचे खेळ, वाचन, वाद्य, नाच यांत रमणाऱ्या वृद्धांमध्ये स्मृतिभ्रंश कमी आढळतो असं २००३ सालच्या एका गाजलेल्या पाहणीत दिसलं होतं, पण त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. ज्यांचं डोकं शाबूत तेच खेळत बसतात, असंही असू शकतं. असो. मी काही सिद्ध करायला खेळत नाही.

तुला काळजी करायचीच असेल तर कामाच्या जागी कर. न्हाणीघरात भिंतीला पकडायला दांडा बसवून दे. पलंगापासून तिथपर्यंत रात्री मंद दिवा लागेल असं कर. माझ्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओतायच्या आहेत, त्या दिवशी मात्र ये. वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या वेळी दिलेल्या गोळ्या कुणी एकत्र बघतच नाही. झोपेच्या काही गोळ्या, सर्दी-खाजेच्या जुन्या गोळ्या, लघवीच्या घाईवरची काही औषधं आमच्या वयात डोकं धूसर करतात. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडलं किंवा थायरॉइड बिघडलं तरी माणूस विसराळू होतो, आणि ते रक्त तपासून कळतं. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं तर ब-१२ उतरू शकतं. मी घेते. म्हणून ती तपासणी दरवर्षी मागून घेते. आणि डॉक्टरांनी मला विचारलं की उत्तर मी देणार. तू फक्त लिहून घे.

आता शेवटचं, तुझ्याबद्दल. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी १४ कारणं मांडली. ती सगळी काढून टाकता आली तर जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज. एकटेपणा आणि मंदावलेली नजर आमच्या वयाच्या रकान्यात आहे. पण वाढलेला रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, सुटलेलं वजन, धूम्रपान, अति मद्य, बैठं आयुष्य, आणि कानसुद्धा, हे सगळं मध्यम वयाच्या रकान्यात. म्हणजे यादीतला मोठा वाटा माझ्या नाही, तुझ्या वयाचा आहे. तू पन्नाशीला आलास. रात्री दीड वाजता मला ‘आरोग्यासाठी गाढ झोपेचे महत्त्व’ असा संदेश पाठवतोस, तेव्हा तू स्वतः जागा असतोस हे माझ्या लक्षात येत नाही असं वाटतं का? सूनबाई म्हणत होती, ऑफिसच्या तपासणीत रक्तदाब जास्त निघाला आणि तू तो ‘धावपळीमुळे’ म्हणून सोडून दिलास.

तेव्हा आठवडाभर घरी मोज. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, हात टेबलावर ठेवून. दोनदा मोजायचा आणि संध्याकाळी पुन्हा. वरचा आकडा, खालचा आकडा, दोन्ही तारखेसकट लिहून पाठव. ‘नॉर्मल आहे’ एवढ्यावर भागणार नाही, मी तक्ता मागतेय.

तुझी,
आई

ता. क. विम्याचा हप्ता या महिन्यात आहे. तू भरू नकोस.