मंडईच्या माथ्यावर दवाखाना, त्यावर बाग

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या मंडईच्या किंवा दवाखान्याच्या जागी नवी सार्वजनिक इमारत बांधायची वेळ आली की आपल्याकडे पहिली चर्चा होते ती किती गाळे निघतील याची. अशा प्रत्येक वेळी नगरसेवकांनी आणि अभियंत्यांनी सिंगापूरमधील ‘कम्पुंग ॲडमिरल्टी’ या इमारतीचा आराखडा बारकाईने पाहावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

‘वोहा’ या वास्तुरचनाकार संस्थेने आखलेल्या या इमारतीला २०१८ मध्ये जागतिक वास्तुकला महोत्सवात वर्षातील सर्वोत्तम इमारतीचा मान मिळाला. भूखंड अवघा ०.९ हेक्टर, उंचीची मर्यादा ४५ मीटर. एवढ्या जागेत वेगवेगळ्या इमारती दाटीवाटीने उभ्या करण्याऐवजी वास्तुकारांनी त्या एकमेकींवर रचल्या. तळाशी कोणालाही येऊन बसता येईल असा छत असलेला मोकळा चौक, त्यावर खाद्यपदार्थांचे गाळे, त्याच्या वर छोट्या शस्त्रक्रियाही होतात असे वैद्यकीय केंद्र आणि त्याच्या माथ्यावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी बाग आहे. ज्येष्ठांसाठीची १०४ घरे या बागेलगतच्या दोन इमारतींत आहेत. पाळणाघर आणि ज्येष्ठांचे केंद्र मुद्दाम शेजारी ठेवले आहे. घरांच्या दारांपाशी शेजाऱ्यांना मिळून बसता यावे म्हणून बाक आहेत, आणि वरच्या बागेत रहिवाशांना भाजीपाला लावता येतो. आपल्या विरंगुळा केंद्रांना बहुधा उरलेला कोपरा मिळतो. येथे म्हाताऱ्या माणसांना वर्दळीच्या मधोमध, मेट्रो स्थानकाला लागून जागा दिली आहे, आणि मला या आराखड्यात सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

मात्र ही रचना केवळ वास्तुकाराच्या कल्पकतेने साधलेली नाही. तेथील गृहनिर्माण मंडळाने पुढाकार घेतला आणि आरोग्यासह अनेक सरकारी यंत्रणा नकाशा ठरण्याआधीच एकत्र आल्या. आपल्या विकास आराखड्यांत मंडई, दवाखाना, बालवाडी आणि अभ्यासिका यांची आरक्षणे बहुतेकदा स्वतंत्र असतात, प्रत्येकाचे खाते निराळे, निधीही निराळा. त्यामुळे इमारत एक झाली तरी जिने, पाणी आणि देखभाल कोणी पाहायची, हा वाद उद्घाटनानंतर सुरू होतो. लिफ्ट आठवडाभर बंद राहिली तर वरच्या मजल्यावरचा दवाखाना वृद्धांच्या दृष्टीने बंदच पडतो, हे आधीच ध्यानात घ्यायला हवे.

म्हणून निविदा काढण्यापूर्वी संबंधित खात्यांची संयुक्त बैठक व्हावी, देखभालीची जबाबदारी एकाच यंत्रणेकडे लेखी सोपवावी, आणि भाजीविक्रेते, परिचारिका व परिसरातील ज्येष्ठ नागरिक यांना नकाशा दाखवून त्यांच्या सूचना मागवाव्यात. तळमजल्यावरचा चौक गाळ्यांसाठी कधीही विकला जाणार नाही, अशी अटही त्याच मंजुरीत नोंदवावी.

आपला,
एक वाचक