पत्ता चुकला म्हणून जाहिरात कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आता तालुक्याच्या गावातसुद्धा गल्लोगल्ली ब्रॉडबँड आलंय, चांगलंच आहे, पण कनेक्शन देणाऱ्या काही कंपन्या एक गोष्ट ग्राहकाला न सांगता करतात आणि त्यावर आपल्याकडे कुणी फारसं बोलत नाही, म्हणून हे पत्र. वेबसाइटचा पत्ता टाइप करताना एखादं अक्षर इकडचं तिकडं झालं आणि त्या नावाची साइटच नसली, तर ब्राउझरने 'ही साइट सापडत नाही' एवढंच दाखवायला पाहिजे. त्याऐवजी सर्चसारखं दिसणारं एक पान उघडतं, 'तुम्हाला हे हवं होतं का' म्हणून खाली लिंका, आणि त्यातल्या बऱ्याचशा पैसे देऊन लावलेल्या. लोकांना वाटतं हे गुगलच आहे, किंवा कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय. खरं म्हणजे हे काम इंटरनेट कंपनीचंच असतं.

कसं होतं ते सांगतो. आपण नाव टाइप करतो, पण कॉम्प्युटरला आकड्यांचा पत्ता लागतो, आणि तो शोधून द्यायचं काम डीएनएस नावाची यंत्रणा करते. पॉल मोकापेट्रिस यांनी 1983 मध्ये तिचा आराखडा मांडला, तेव्हापासून सगळं इंटरनेट तिच्यावर चालतं. नाव अस्तित्वात नसेल तर 'असं नाव नाही' हे ठरलेलं उत्तर द्यायचं, त्याला एनएक्सडोमेन म्हणतात. कंपनी काय करते, तर हे 'नाही' मधल्यामध्ये दाबते आणि त्या जागी स्वतःच्या जाहिरातीच्या सर्व्हरचा आकडा देते. पत्ता सापडला नाही तर पोस्टमनने शेरा मारून पत्र परत आणायचं असतं, वाटेतल्या दुकानात नेऊन द्यायचं नसतं, इतकी साधी ही गोष्ट आहे.

माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं सेंटर आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, महाडीबीटीची स्कॉलरशिप, पीक विमा, जून-जुलैमध्ये तर उसंत नसते. येणारी माणसं आधी घरी मोबाइलवर नाहीतर पोराच्या लॅपटॉपवर प्रयत्न करून आलेली असतात. सरकारी साइटचे पत्ते केवढे लांब, शेवटी महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन, त्यात एक अक्षर हमखास चुकतं. 'नाही' असं उत्तर मिळालं असतं तर माणसाने स्पेलिंग परत बघितलं असतं. पण समोर 'स्कॉलरशिप फॉर्म', 'ऑनलाइन सातबारा' असे शब्द असलेल्या लिंका दिसल्यावर ती दाबणारच ना. गेल्या सीझनला एक मावशी आल्या होत्या, मुलीच्या फॉर्मसाठी अशाच पानावरून त्या कुठल्यातरी एजंटच्या साइटवर गेल्या, तिथे मोबाइल नंबर आणि आधारचा नंबर भरला, आणि तेव्हापासून त्यांना रोज कर्ज देणाऱ्यांचे फोन येतात. स्कॉलरशिपचा फॉर्म भरलाच गेला नव्हता. त्या मलाच विचारत होत्या की सरकारने नंबर विकला का. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही कारण प्रश्न एका कंपनीचा नाही, पण त्या बाईंचा सरकारवरचा विश्वास असा फुकटचा जातो याचं मला फार वाईट वाटतं.

हे काही आपल्याकडेच झालंय असं नाही. डॉट कॉम आणि डॉट नेट या नावांचा कारभार बघणाऱ्या व्हेरिसाइन या अमेरिकन कंपनीने 15 सप्टेंबर 2003 ला असंच केलं होतं. जगात कुणीही, कुठल्याही कंपनीचं कनेक्शन असो, या दोन प्रकारचा अस्तित्वात नसलेला पत्ता टाकला की तो थेट त्यांच्या 'साइट फाइंडर' पानावर. लगेच बोंब झाली. कारण इंटरनेट म्हणजे नुसत्या वेबसाइट नाहीत, ईमेलही त्याच नावांवर चालतं. मेल पाठवणाऱ्याचं डोमेन खरं आहे का हे बघून स्पॅम अडवणारे फिल्टर होते, त्यांना आता प्रत्येक खोटं नाव खरं दिसायला लागलं. चुकीच्या पत्त्यावर पाठवलेले मेल व्हेरिसाइनच्या सर्व्हरच्या दारात जायला लागले. शेवटी जगभरच्या नावांवर देखरेख ठेवणाऱ्या आयकॅन या संस्थेने दम दिला तेव्हा 4 ऑक्टोबरला, म्हणजे तीन आठवड्यांच्या आत, ते बंद झालं. वर कंपनीने पुढच्या वर्षी आयकॅनवरच खटला भरला!

पण मग हीच युक्ती इंटरनेट कंपन्यांनी आपापल्या ग्राहकांवर सुरू केली. त्यात धोका किती आहे हे डॅन कामिन्स्की या सुरक्षा तज्ज्ञाने 2008 मध्ये दाखवून दिलं. अर्थलिंक ही अमेरिकेतली इंटरनेट कंपनी बेअरफ्रूट नावाच्या जाहिरात कंपनीमार्फत हे करत होती, आणि त्या जाहिरातीच्या सर्व्हरमध्येच भोक निघालं. मुख्य नाव खरं आणि त्याच्या आधी डॉट देऊन लावलेला भाग चुकीचा असला, तरी वरच्या पट्टीत दिसणार खऱ्या साइटचं नाव आणि खाली पान मात्र जाहिरातवाल्याचं, त्यामुळे ब्राउझरही त्याला त्या साइटचाच भाग समजतो. म्हणजे बँकेने स्वतःची साइट कितीही पक्की बांधली तरी तिच्या नावाने तिसराच कुणीतरी पान दाखवतो, आणि भोक असेल तर लॉगिनच्या कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये साठवलेल्या ओळखीच्या खुणा, सुद्धा चोरता येतात. बँकेला यातलं काही माहीतसुद्धा नसतं.

कंपन्या म्हणतात आम्ही ग्राहकाची सोय करतो, नको असेल तर बंद करा. मला हे पटत नाही. सोय करायला ब्राउझर आहे ना, तो स्वतःच दुसरे पत्ते सुचवतो. आणि ते बंद करायचं बटण शोधून काढलं तरी बऱ्याच ठिकाणी ते नुसतं कुकीवर चालतं, हिस्ट्री साफ केली की परत जाहिरात हजर. काही ठिकाणी तर बंद केल्यावर नुसतं खोटं एरर पान दाखवतात, आत डीएनएसचं उत्तर खोटंच राहतं. त्याचा त्रास घरून काम करणाऱ्या पोरांना होतो. पुण्याच्या आयटी कंपनीतला मुलगा गावाकडून व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी खासगी वाट, लावून बसतो, ऑफिसच्या आतल्या सर्व्हरचं नाव बाहेरच्या इंटरनेटवर नसतंच, तिथे 'नाही' असं उत्तर यायला हवं म्हणजे कॉम्प्युटर ऑफिसच्या डीएनएसकडे विचारेल, पण कंपनी मध्येच आपला आकडा देते आणि काम अडतं. तो बिचारा ऑफिसच्या आयटीवाल्यांना शिव्या घालतो.

इतकंच काय, कनेक्शनवाला अशी खोटी उत्तरं देतोय का हे ओळखायला गुगलच्या क्रोमला सुरू होताना मुद्दाम आगडमबागडम नावं विचारून बघावी लागत होती, आणि 2020 मध्ये असं समोर आलं की डीएनएसच्या सगळ्यात वरच्या पायरीवरच्या, म्हणजे रूट सर्व्हरवर येणाऱ्या प्रश्नांपैकी जवळपास निम्मे क्रोमच्या अशा फालतू नावांचे होते. मग क्रोमला ते बदलावं लागलं. जाहिरातीचे पैसे काही कंपन्यांनी खाल्ले, भार सगळ्या जगाने उचलला.

मोठ्या कंपन्यांनाही हे बंद करता येतं. अमेरिकेतल्या कॉमकास्टने 2009 मध्ये 'डोमेन हेल्पर' सुरू केलं आणि जानेवारी 2012 मध्ये बंद केलं, कारण त्यांनी डीएनएसच्या उत्तरांवरची डिजिटल सही तपासणारं डीएनएससेक आणलं आणि त्यात 'नाही' या उत्तरालाही सही लागते, सही तपासायची आणि उत्तरही बदलायचं हे दोन्ही एकत्र चालत नाही. जर्मनीत डॉइश टेलिकॉमने फौजदारी तक्रार झाल्यावर 2019 मध्ये बंद केलं.

ज्यांना जमतंय त्यांनी अँड्रॉइडमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस'मध्ये डीएनएस डॉट गुगल टाकावं, किंवा राउटरमध्ये डीएनएसच्या जागी 8.8.8.8 (गुगलचं) नाहीतर 1.1.1.1 (क्लाउडफ्लेअरचं) टाकावं. मी सेंटरवर येणाऱ्यांना करून देतो. राउटरमध्ये बदलूनही तेच पान आलं तर कंपनी वाटेतच प्रश्न अडवतेय असं समजा, तिथे प्रायव्हेट डीएनएसच कामाला येतं कारण त्यात प्रश्न कुलूपबंद जातो. पण महिन्याचे पैसे आपण इथल्या कंपनीला द्यायचे आणि पत्ते विचारायला अमेरिकेतल्या कंपनीकडे जायचं, हा काही कायमचा उपाय नाही, आणि मावशींसारख्या माणसांनी तो कधी आणि कसा करायचा?

म्हणून मागणी ट्राय या दूरसंचार नियामकाकडे आणि दूरसंचार विभागाकडे आहे. 2015 मध्ये नेट न्यूट्रॅलिटीसाठी, म्हणजे कंपनीने सगळ्या साइटना सारखंच वागवावं यासाठी, देशभरातून ट्रायला दहा लाखांवर ईमेल गेले, 8 फेब्रुवारी 2016 ला वेगवेगळ्या साइटला वेगवेगळा दर लावायला बंदी आली, आणि 2018 मध्ये दूरसंचार विभागाने नेट न्यूट्रॅलिटी मान्य केली. तेव्हा लोकांनी बोलल्यावर बदललं, आताही बदलेल. परवान्याच्या अटीत स्पष्ट लिहा की नाव नसेल तर 'नाही' हेच उत्तर द्यायचं, ग्राहकाने स्वतः मागितल्याशिवाय बदलायचं नाही, आणि त्याने दुसरं डीएनएस लावलं तर ते वाटेत अडवायचं नाही. महाराष्ट्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान विभागानेही आपल्या साइटच्या नावाखाली कुठल्या कंपनीच्या जाहिराती दिसतात ते तपासावं आणि त्या कंपन्यांना नोटीस काढावी. प्रवेशाचा सीझन सुरू व्हायच्या आत हे झालं तर पोरांचे फॉर्म वाचतील.

आपला,
एक वाचक, बार्शी (जि. सोलापूर)